तीन सालांचा तलाव

हट्ट्याजवळच्या गावतलावातल्या माशांचा दरसाल हर्रास, म्हणजे लिलाव व्हायचा, तेव्हा निजामाचं राज्य होतं. ज्याला तलाव मिळे तो उन्हाळ्याआधी बोटाएवढी पिल्लंसुद्धा गाळून काढायचा. का नाही काढणार? पुढच्या सालचा मासा दुसऱ्याचाच. आपण माशाचं बी सोडायचं आणि शेजाऱ्यानं खायचं, असा दानशूर भोई अजून जन्माला यायचा होता.

विधवा चतुराबाई भोईण हर्रासात उभी राहिली आणि म्हणाली, “तीन सालाचा एकदम द्या. सारी रक्कम आजच भरते.” हर्रास करणारा सरकारी पेशकार हसला, पण रुपये पुढ्यात पडल्यावर मोजायला लागला. अंगावरची सगळी चांदी मोडून आणलेले पैसे होते ते. तलाव फसला असता तर बाई रस्त्यावर आली असती.

पावसाळ्यात तिनं पूर्णा नदीतून कटला माशाचं बी, म्हणजे इवली पिल्लं धरली. धाकटा भाऊ ग्यानबा कावड वाही, ही वाटभर मडक्यातलं पाणी हातानं हलवत चाले. पाणी हलायचं थांबलं की बी मेलं. अशा चाळीस खेपा झाल्या. मग तिनं चार बोटं आरपार जातील असं जाळं विणलं.

“बाई, हे जाळं हाय का खिडकी?” मासे घेणाऱ्या चाँद पाशानं विचारलं.

“लहान जाऊ द्या की. वाढायचंय त्याला.”

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कमरेला आलं. ग्यानबा रडकुंडीला आला. “आक्का, आता तरी काढ! आटलं तं सारं चिखलात मरंल.”

भीती तिलाही वाटली, खूप वाटली. पण तिनं फक्त कटल्याची पिल्लं खाणारे मरळ मासे धरले, ते विकून घर चालवलं, आणि दोघांनी मधला गाळ उपसून खोल डोह केला. कटला त्या डोहात तगला.

तिसऱ्या सालच्या माघात जाळं दोघांना ओढेना. काठावर हसायला जमलेलेच धोतर खोचून पाण्यात उतरले. चतुराबाई आनंदानं हाका देत त्यांच्याबरोबर ओढू लागली.

चाँद पाशा सवयीनं म्हणाला, “वाटे लावा, नजरेनंच वाट्याचा भाव करू.”

“न्हाई. तोलून घ्या.”

त्यानं तराजू धरला. पहिला कटला पारड्यात पडला. समोर शेर ठेवला, दोन शेर ठेवले, खिशातला अर्धा शेरही ठेवला. पारडं जागचं हललं नाही. पाशा खदाखदा हसला. “बाई, बराबर हाय तुमचं! माझी वजनं सरली.”

“मंग गावातून आणा,” चतुराबाई म्हणाली. “तवर आमी दुसऱ्यांदा जाळं टाकतो.”