वेंगेचं घर

वेंगे ही कंपनी असेल, असं मला वाटत होतं. त्यामुळे रे रोडच्या लाकडाच्या दुकानात मी ऐटीत म्हणालो, "शेठ, ओरिजिनल वेंगे कंपनीचाच माल द्या, डुप्लिकेट नको."

शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, वेंगे आफ्रिकेतलं झाड. तोडून तोडून विरळ झालंय. तुम्हाला मिळणार त्याचा फोटो छापलेलं लॅमिनेट. चालेल?"

चाललं. चाळीच्या जागी झालेल्या लालबागच्या टॉवरमधल्या आमच्या नव्या घरात पलंग, कपाटं, टीव्ही युनिट, सगळं मी वेंगे करून टाकलं. फरशीही गडद. मग मोबाइलवर त्या झाडाबद्दल वाचलं आणि प्रेमातच पडलो. ताजं कापलेलं पिवळसर लाकूड हळूहळू काळपट होतं, झाडाला जांभळी फुलं येतात, आणि ते आपल्या करंजाच्या भावकीतलं. येईल त्या पाहुण्याला हे सगळं ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे.

आईची नजर अधू. जुन्या खोलीत ती हाताच्या सवयीने वावरायची. इथे काळ्यावर काळं. पलंग कुठे संपतो ते तिला कळेना. दोनतीनदा गुडघा आपटला आणि तिने एकटीने उठणंच सोडलं. पाण्यासाठीही हाक मारावी लागते, म्हणून पाणी पिणंच कमी केलं. हे बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

"दिवसाढवळ्या घरात काळोख कित्याक केलंस रे?" आईने विचारलं.

मी करंजाची भावकी सांगितली.

"करंज गावाक आमच्या घरामागल्या परड्यात होतो. तो कधी माका लागलो नाय."

त्या शनिवारी मी पांढऱ्या चिकटपट्टीची रिळं आणली. आईच्या पलंगापासून बाथरूम आणि स्वयंपाकघरापर्यंत दिसेल त्या काठाला पट्टी मारली. आफ्रिकेतलं लाकूड आणायला गेलो आणि झेब्रा घेऊन आलो, असं घर दिसायला लागलं. टीव्ही युनिट तेवढं सोडलं. पाहुणे तिथेच बसतात ना.

सकाळी आई उठली. पट्टीचा माग काढत स्वयंपाकघरात गेली, आपल्या हाताने पाणी ओतून घेतलं आणि ओट्याला टेकून सावकाश प्यायली. आम्ही दोघं दाराआडून बघत होतो.

बायको हळूच म्हणाली, "टीव्ही युनिटलाही लावा. आल्यापासून माझी करंगळी तिथेच आपटतेय. एवढ्या हौसेने घेतलंत, म्हणून बोलले नाही."