लंडनचा जावई

माझ्या मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, आयुष्यात एकच गोष्ट मनापासून सांभाळली: अकोल्यातल्या लोकांचं स्वतःबद्दलचं मत. खत-बियाण्यांचं दुकान नोकरांनी सांभाळलं, घर मोठ्या आईने, म्हणजे त्यांच्या बायकोने. मोठेबाबा गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या घराण्याचं मोठेपण ऐकवत. कृषी महाविद्यालयात शिकताना मी त्यांच्याच घरी राहत होते, आणि माझा पासपोर्टही त्याच पत्त्यावर निघाला. पुढे हा पत्ता मला चांगलाच भोवला.

आमचा मळा अमरावतीच्या कडेला आहे. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. वडील गेल्यावर आई एकटीच तो पाहत होती. मला केनियात गुलाबाच्या एका मोठ्या फार्मवर नोकरी लागली आणि तिथल्या शीतगृहाचं काम पाहणाऱ्या माणसाशी मी लग्न केलं. तो तिथलाच. नैरोबीत रजिस्ट्रारसमोर सह्या केल्या, त्याच्या बहिणीच्या घरी जेवलो, झालं लग्न. पुढे आईचे गुडघे गेले तेव्हा तोच म्हणाला, "चल, तुझ्या आईकडे राहू. फुलं तिथेही आहेतच."

मोठेबाबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "गोरा हाय काय?"

"नाही."

"मंग काहून केलं वं लगन?"

याला उत्तर देण्यासाठी तोंड उघडणंही मला कमीपणाचं वाटलं. मी फोन ठेवला.

अमरावतीला आल्यावर, भारतीय बाईचा नवरा म्हणून त्याला इथे राहता यावं यासाठी आम्ही अर्ज केला. कार्यालयातल्या साहेबांनी आमचे फोटो पत्त्यांसारखे पिसले. "हळद नाई, मांडव नाई. हे कायचं लग्न?" मी रजिस्ट्रारचा दाखला पुढे केला. त्यांनी तो उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मांडव तिकडे असेल असं त्यांना वाटलं असावं.

मग चौकशी झाली. अमरावतीच्या घरी पोलीस आला तेव्हा नवरा आईबरोबर शेवंती तोडत होता आणि आई त्याच्यावर ओरडत होती, "जावईबापू, देठ लांब ठेवा म्हटलं ना!" पोलीस हसला, चहा पिऊन गेला. त्याला आणखी पुरावा नको होता.

पण पासपोर्टवरच्या पत्त्यावरही चौकशी व्हायची होती. पोलीस अकोल्याला मोठेबाबांच्या दारात गेला, तो नेमका माझ्या चुलत बहिणीला पाहायला पाहुणे आले असताना. समोर पोह्यांच्या बश्या, मुलाचे आईवडील, मामा. पोलिसाने सगळ्यांदेखत विचारलं, "तुमचे जावई कुठले?"

"लंडनचे," मोठेबाबा म्हणाले. "मोठ्या कंपनीत साहेब हायेत."

"अमरावतीले राहतात काय?"

"छ्या! थे कायले अमरावतीत राहतीन? लंडनलेच असतात."

पोलिसाने ऐकलं ते लिहून घेतलं.

काही दिवसांनी आम्हां दोघांना बोलावणं आलं. साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, तुमचे नवरे किती?" शेजारच्या टेबलावरचे दोघे खिदळले. साहेबांना तो विनोद इतका आवडला की त्यांनी तो पुन्हा एकदा केला. नवऱ्याने मला विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, यांना मोजता येत नाही.

मग मोठेबाबांच्या जबाबाचा खुलासा झाला. ज्याने जबाब दिला त्यानेच येऊन तो बदलावा, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल आणि हातातल्या व्हिसाची मुदत संपली की नवऱ्याला देश सोडावा लागेल. बाहेर आल्यावर नवऱ्याने एवढंच विचारलं, "तुझे मोठेबाबा माझ्यावर रागावले आहेत का?" राग असता तर मला समजलं असतं. ही तर नुसती लाज होती, आणि तीही न पाहिलेल्या माणसाची.

मी एकटीच एसटीने अकोल्याला गेले. मोठेबाबा सोफ्यावर पेपर वाचत बसले होते, मोठी आई खाली बसून अंबाडीची भाजी निवडत होती.

"पाहुणे बसले होते," ते म्हणाले. "पोट्टीचं जमून राहिलं होतं. त्यायच्यासमोर काय सांगू, आफ्रिकेचा हाय म्हणून?"

"हो. तो आहे ना तिकडचा."

"तुले समजत नाई. आमाले समाजात राहा लागते." मग त्यांना युक्ती सुचली. "असं कर, साहेबाले सांग, जावयाचे मायबाप लंडनले राहतात. म्हणून माह्या ध्यानात तसं राहिलं."

माझे सासरे कधीच वारलेत आणि सासूबाई डोंगरातल्या गावात गाई राखतात. मोठेबाबांनी बसल्याजागी दोघांनाही लंडनला पोचवलं. इतकी वर्षं या माणसाला मी वाकून नमस्कार केला होता, याचंच मला नवल वाटलं.

मोठ्या आईने मान वर न करता म्हटलं, "तुमी नाई गेले तर मी जाईन. साहेबाले सांगीन, आमच्या घरचा माणूस खोटं बोलला."

मोठेबाबा अमरावतीला आले ते या धाकानेच. आपला नवरा खोटं बोलला असं बायकोच कार्यालयात जाऊन सांगते, हे अकोल्यात कळलं असतं तर? स्टेशनवरून ऑटोत बसल्यावर त्यांनी चेहऱ्यासमोर हात आडवा धरला. अमरावतीतही त्यांच्या ओळखीचे लोक होते म्हणे.

कार्यालयाच्या व्हरांड्यात नवरा उभा होता. आईने शिकवलं होतं तसा तो वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावायला गेला. मोठेबाबांनी पाय मागे घेतले, आणि आधी दाराकडे पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून. नवरा वाकलेलाच राहिला क्षणभर. मग सरळ झाला आणि त्याने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. मोठेबाबा तिच्यावर बसले.

आत गेल्यावर ते साहेबांना म्हणाले, "जरा दार लावता काय?"

"दार लागत नाई. बोला."

"जावई लंडनचा नाई. आफ्रिकेचा हाय. इथंच राहते."

"मोठ्यानं बोला. मंग लंडन कुठून आलं?"

"इज्जतीचा सवाल होता साहेब."

शेजारच्या टेबलावरचे ते दोघे पुन्हा खिदळले. या वेळी मला त्यांचं हसणं खटकलं नाही.

परवानगी आली. आईने मळ्यातल्या गड्यांना पेढे वाटले. तिकडे अकोल्यात मोठेबाबा दुकानात सांगत होते की साहेब आपल्या ओळखीचा, आपल्या एका शब्दावर काम झालं. लंडनचा जावई मात्र त्यांनी अजून मागे घेतला नव्हता. तो मोठ्या आईने घेतला. मुलाकडच्यांना तिने स्वतः फोन करून खरं सांगितलं, आणि त्यांनी लगेच नकार कळवला. त्यांचा बेत या जावयाच्या वशिल्याने मुलाला लंडनमध्ये चिकटवायचा होता.

चुलत बहिणीचा मला फोन आला. "बरं झालं बाई. त्या पोट्ट्याले मी पसंतच नोती, लंडन पसंत होतं." ती मनापासून हसत होती.

दिवाळीनंतर ती आणि मोठी आई आमच्याकडे राहायला आल्या. मोठी आई सकाळी नवऱ्याबरोबर मळ्यात जायची, त्याला झेंडूच्या रोपांची खुडणी दाखवायची, आणि त्याचं तोडकंमोडकं वऱ्हाडी ऐकून पोट धरून हसायची. आठवडा झाला तरी परत जायचं नाव काढेना. शेवटी मोठेबाबांचा फोन आला, तो माझ्यावरच.

"तुई मोठी आई कधी येऊन राहिली वापस?"

जावई कसे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. मी मळ्यात जाऊन फोन मोठ्या आईच्या हातात दिला. तिने नंबर पाहिला, फोन बंद केला आणि पुढच्या वाफ्यात गेली.