टेपातली पिन

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, माहेरी नाई, देवापुढं हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाई. तुमाले सांगून राह्यली — तुमी माह्या ओळखीचे नाई म्हणूनच, असं समजा. मधीच उठून जावंसं वाटलं त जा. मी काही धरून ठेवत नाई.

गोष्ट एवढीशी आहे. करंगळीच्या नखाएवढी.

कुठून सुरू करू? सासूपासून करते. आमचं घर ढिवराचं, गावच्या तलावावर जाळं. सासू सकाळी मासोळीचं टोपलं घेऊन गावोगाव फिरे. मले तिनं कधी उणा शब्द बोलला नाई. मासोळी शिजली का मुंडकं माह्या ताटात टाके, स्वतः रश्शावर भात खाये. शेजारणी म्हणत, नशीब काढलं व पोरी. तिनं छळलं असतं त बरं झालं असतं — आज माह्याजवळ बोलाले काही तरी असतं.

सासरे, त्यायले मी मामाजी म्हणो, ते वर्षभर जाळं टाकत आणि दिवाळीनंतर मंडईच्या, गावोगावच्या जत्रेच्या दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकात गात. एक टेप होता त्यायचा. दोन भोंग्यांचा, वरून कडी असलेला स्टिरिओ. चंद्रपुराहून खांद्यावर घालून आणलेला. त्याच्यात त्यायनं एकदा आंगणात बसून आपलंच गाणं भरलं होतं. गाता गाता गळा सुकला, तेही भरल्या गेलं. गाणं थांबते, खाकरणं येते, मंग आवाज येते — "पानी आन वो." सासूनं गिलास ठेवल्याचा आवाज. घोट. आणि पुन्हा गाणं.

मामाजी गेले. टेप राह्यला.

रोज दुपारी, टोपलं धुवून पालथं घातलं का सासू तो टेप पुढ्यात घेऊन बसे. तिले एकच बटन माहीत होतं, मोठं. गाणं ती ऐके का नाई, देव जाणे. ती वाट पाहे त्या पाण्याची. "पानी आन वो" आलं का उठे, माठातून गिलास भरे आणि टेपापुढं ठेवे. रोज. हसाल तुमी. मीही पहिल्यांदा हासली होती.

पण तिचा चेहरा — काय सांगू — साठीची बाई त्या घडीले नवी नवरी दिसे. मी मोरीजवळ भांडे घासत पाहो. माहा नवरा मोहर्लीले जिप्सी चालवते, वाघ दाखवते लोकायले. महिन्यातून दोनदा घरी येये. पाणी मांगे त भिंतीकडं पाहून मांगे. मले तिचा तो चेहरा पाहवत नव्हता. हेच खरं आहे, याच्या खाली दुसरं काही नाई. किती उकरलं तरी नाई.

एक दिवस टेप मुका झाला. कॅसेटच्या चक्क्या फिरत, आवाज नाई. सासूनं सेल काढले, उन्हात वाळवले, पुन्हा घातले. थापडा मारल्या. कॅसेट काढून फुंकली. माह्याकडं पाहून म्हणे, "पाह्य व, काऊन मुका झाला हा?" मी फडक्यानं पुसाले घेतला आणि मले मागं दिसली. पिन. नवरा कानात घालून गाणे ऐके, त्या वायरीची. उंदरानं वायर कुरतडली, पिन भोकातच राह्यली. ती तिथी असली का भोंगे बंद होतात, हे मी नवऱ्याच्या हातून शंभरदा पाह्यलं होतं. काळ्या टेपात काळी पिन. तिच्या डोळ्यायले दिसणं शक्य नव्हतं.

ओढायची होती फक्त. चिमटीत धरून.

मी पुसलं आणि ठेवून देल्लं. त्या दिवशी मी वाईट होती का? नुसती गप्प होती. पुढचं ऐका.

बाजाराच्या दिवशी तिनं टेप दुपट्ट्यात बांधून माह्याजवळ देल्ला — तालुक्याच्या मिस्त्रीले दाखव म्हणे. रस्त्यात मी पिन काढली. मिस्त्रीकडं टेप खणखणीत वाजला. त्यानं हासून वापस देल्ला. आणि घरी येता येता, तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली बसून मी ती पिन पुन्हा भोकात घातली. दाबून. कोणी सांगितलं होतं मले? कोणी नाई.

घरी सासूच्या पुढ्यात मीच बटन दाबलं. चक्क्या फिरल्या. मी मान डोलावली, मांडीवर बोटांनी ठेका धरला. ती टेपाकडं पाहे, मंग माह्याकडं. "मले त काही आयकू नाई येत," म्हणे.

मी मोठ्यानं म्हटलं, "वाजून राह्यला ना, आई. टेप चांगला आहे. तुमचेच कान गेले."

तिचा एक कान आधीच जड होता. तिले पटलं. लगेच पटलं — गरीब माणसाले आपलीच चूक लवकर पटते. पोराले सांगू नको म्हणे, तो मले टोपलं घेऊन रस्त्यानं फिरू देणार नाई. म्हणजे तोंड तिनंच बंद केलं, माहं काम सोपं केलं. त्यानंतर कोणी आलं का ती टेप झाकून ठेवे.

आणि मंग तिनं मले एक काम सांगितलं. "त्यायनं पानी मांगतलं का मले सांगजो."

दोन वर्षं, ऐकून राह्यले ना? दोन वर्षं ती मुक्या टेपापुढं बसली आणि माह्या तोंडाकडं पाहत राह्यली. कधी मी लवकर सांगितलं, कधी उशिरा. कधी ती गिलास भरून हातात घेऊन उभी राहे आणि मी भांडे घासत राहो. एकदा ती तशीच उभी राह्यली, कॅसेट सरून बटन आपोआप वर उडेपर्यंत. मी म्हटलं, "आज मांगितलंच नाई त्यायनं."

मले मजा आली होती. हे लिहून घ्या पाहिजे त.

ती खाली बसली. मामाजी आखरीच्या दुखण्यात घडीघडी पाणी मांगत, तवा एकदा ती त्यायच्यावर खेकसली होती — किती पानी पेता म्हणून. ते तिले आठवलं असन. टेपाच्या जाळीले तोंड लावून ती हळूच म्हणे, "मांगा ना. आता देतो."

माह्यात आणि त्या पिनीत चार हाताचं अंतर होतं. मी राख घेतली आणि भाताचा गंज घासाले लागली.

त्याच्यानंतर मी बहुतेक वेळा "नाई मांगितलं"च म्हणत गेली.

सासू तापानं गेली, पाच दिवसांत. बाया तिले आंघोळ घालत होत्या तवा मी आत जाऊन पिन काढली आणि चुलीत टाकली. नवऱ्याले सांगितलं, आईचे कान गेले होते, तुमाले सांगू नको म्हणे. तो लय रडला. आपण आईकडं ध्यान देल्लं नाई म्हणून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आता दरसाल अक्षयतृतीयेले आमच्या घरी पितरांच्या दोन घागरी भरतात, दोन पत्रावळी मांडतात. नवरा सुट्टी काढून येते. नवे सेल आणते आणि टेप पत्रावळीजवळ ठेवून आवाज पुरा मोठा करते, पार पाळीवरच्या लोकायले आयकू जाईन एवढा. आईले कमी आयकू येये ना, म्हणते.

मामाजी गातात. खाकरतात. "पानी आन वो" म्हणतात. नवरा माह्याकडं पाहते.

मी उठते, माठातून गिलास भरते आणि आणून ठेवते.