चौथ्यांदा आलेली शेगडी

सेलूत स्टेशन रोडला माझं कापडाचं दुकान आहे आणि त्याला खेटून रुद्रेशचं इंडक्शन, मिक्सर दुरुस्तीचं. रुद्रेशच्या हाताला गुण आहे, जिभेला मात्र धार. गिऱ्हाईक आलं की आधी उलटतपासणी. "पाणी कुणी सांडलं? खरं बोला, आत गंज दिसायलाय." भल्याभल्यांनी माझ्यासमोर कबुलीजबाब दिलेत. एका हेडमास्तरांनी तर मिक्सरमध्ये हळकुंडं घातल्याचं खाली मान घालून मान्य केलं होतं. दोष नेहमी गिऱ्हाइकाचा, असं त्याचं ठाम मत. चीड याची येते की बहुतेक वेळा तोच बरोबर निघतो.

अशा माणसाला महादेवीकाकूंच्या शेगडीनं जेरीस आणलं.

काकू सत्तरीच्या. गेल्या वर्षी गॅसवर पदर पेटला, थोडक्यात वाचल्या. मुलानं, शंभुराजनं, त्यांना गॅसजवळ जायची बंदी केली आणि इंडक्शन शेगडी आणून दिली. आपल्या हातचं चार माणसांना वाढणं एवढंच सुख उरलेली बाई ती, दोन दिवसांत शेगडी शिकली. पुढं एकदा वीज वरखाली झाली आणि शेगडी मुकी झाली. रुद्रेशनं लॅपटॉप जोडला, बोर्डावरच्या चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे शेगडीनं कसं वागायचं याच्या कंपनीनं भरलेल्या सूचना, पुसून नव्यानं भरलं. शेगडी चालू झाली.

दुसऱ्या दिवशी परत आली. एका बटणाला बोट लावलं की चारही बटणं एकदम ओ द्यायची, मग पीं पीं करून सगळं बंद. दुकानात मात्र शहाण्यासारखी चालायची. रुद्रेशनं पुन्हा फर्मवेअर भरलं. पुन्हा परत. मग त्याच फर्मवेअरची नवी आवृत्ती शोधून भरली. चौथ्या वेळी काकूंची सून त्रिवेणी शेगडीबरोबर निरोपही घेऊन आली.

"हे म्हणायलेत, आता बिघडली तर भंगारात. आईंनी सैपाकघरात पाय ठेवायचा न्हाई. कालपासून त्या नीट जेवल्या न्हाईत."

रुद्रेशनं तिला एकही प्रश्न विचारला नाही. मला त्याची काळजी वाटली ती तेव्हा.

"उद्या सकाळी घरीच येतो," तो म्हणाला. "काकू शेगडी लावतेत त्याच टायमाला."

लॅपटॉप धरायला माणूस हवा म्हणून मला नेलं. शेगडीच्या मागच्या जाळीतून त्यानं वायर काढली, लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला आणि कशालाही हात लावू नका असं दोनदा बजावलं. पडद्यावर चार बटणांचे चार आकडे. बोट लावलं की त्याच बटणाचा आकडा वाढायचा, बाकीचे जागच्या जागी. सगळं ठीक.

एवढ्यात काकू पूजा आटोपून आल्या. ओल्या विभूतीची तीन बोटं त्यांनी शेगडीच्या बटणांवरून आडवी ओढली, नमस्कार केला. चारही आकडे एकदम वर उडाले.

रुद्रेशनं पडद्याकडं पाहिलं, शेगडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "भाऊ, तुमी काय दाबलं?"

"मी? अरे, समोर विभूती दिसत नाही का तुला?"

"ती तर असतीयच की," तो म्हणाला.

खरंच दिसली नव्हती. हा लिंगायत माणूस, त्याच्या कपाळावर तेच तीन पट्टे, दुकानातल्या मीटरवर तेच, वेल्डिंगच्या डब्यावरही तेच. पट्ट्याशिवायचं यंत्रच त्याला उघडं वाटायचं. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला. ओल्या राखेनं चारही बटणं एकमेकांना जोडली होती.

"दुकानात नेताना मी पुसून न्यायचे," त्रिवेणी हळूच म्हणाली. "देवाचं असं चारचौघांत कसं न्यायचं?"

आता काकूंची उलटतपासणी होणार म्हणून मी मान खाली घातली. काकू मात्र कौतुकानं रुद्रेशकडं बघत होत्या. "पयल्यांदा तू नीट केलीस ना बाबा, तवापासून रोज लावायलेय. तुझ्या हाताला यश राहू दे म्हणून."

तीन वेळा त्याचं काम बिघडवलं होतं ते त्याच्यासाठीच केलेल्या प्रार्थनेनं.

"काकू, चुकलं माझं," रुद्रेश म्हणाला. "ह्याचं कपाळ मागं असतंय. मी सांगायलाच इसरलो." आणि त्यानं शेगडी फिरवून जाळीवरची कोरी पट्टी दाखवली. इतकी सरळ थाप इतक्या गंभीर चेहऱ्यानं मारलेली मी पाहिली नव्हती. मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसलं.

"मागं?" काकूंना पटेना. "आन मग पुढं काय हाय?"

"पुढं कान हायेत. ते कोरडेच ठेवायचे."

काकूंनी पदरानं कान पुसले. मागं तीन बोटं ओढली. पातेलं ठेवून बटण दाबलं, आणि पडद्यावर एकच आकडा वाढला. थोड्या वेळानं पातेल्याच्या तळाशी बुडबुडे दिसायला लागले. काकू डाळ धुवायला वळल्या आणि मागं न बघता सुनेला म्हणाल्या, "शंभूला फोन लाव. म्हणावं, दुपारी जेवायला घरी ये. सैपाक आईनं केलाय."