शिवणाच्या बाईंचा जबाब

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी स्वतःच्या पायांकडे जाते.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी रत्नागिरीत फौजदार होतो. एका शाळेत गुप्त चौकशी करायची म्हणून साधा शर्ट, साधी पँट घातली, जीप दोन गल्ल्या अलीकडे उभी केली आणि मोठ्या चतुराईने फाटकातून आत शिरलो. पायांत मात्र खात्याचे तांबडे बूट, तेही चकचकीत पॉलिश केलेले. सातवीतली एक मुलगी माझ्या तोंडाकडे न बघता बुटांकडे बघून म्हणाली, "पोलीसकाका, हेडसर वर बसतात." पुढे मी शिवणाच्या खोलीत डोकावलो, तेव्हा पोलीस कोणासाठी आलाय तेही साऱ्या शाळेला कळलं.

चौकशी होती एका निनावी अर्जाची. 'शिवणाच्या बाई मधल्या सुट्टीत मुलींना खोलीत घेऊन दार लावतात, घरच्या भानगडी विचारतात, पोरींना नादाला लावतात. बंदोबस्त व्हावा.' माझी स्वतःची मुलगी त्याच शाळेत नववीत होती. त्यामुळे अर्ज वाचला फौजदाराने आणि तापला बाप.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाईंना ठाण्यात बोलावलं. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण तिच्या घरी जायचं असतं. हा नियम मला परीक्षेत तोंडपाठ होता. पण माझी एक पद्धत होती आणि तिचा मला फार अभिमान होता. माणूस आला की त्याला काही विचारायचं नाही. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायचं. दोन-तीन तासांत तो आपणहून बोलायला लागतो.

बाई पंचेचाळिशीच्या, सुती पातळ, मांडीवर कापडी पिशवी. साडेबाराला आमचा हवालदार आत आला. "साहेब, त्या बाई म्हणतायत, एकच्या आत शाळेत जायला हवं. कोण पोर वाट बघत्येय."

"बघू दे. पोर शाळेत आहे, पळून जात नाही."

एकला त्या स्वतः दारात आल्या. "साहेब, अर्धा तास सोडा. मी परत येते. लिहून देते हवं तर."

"बसा," मी म्हटलं.

अडीच वाजता त्यांना आत घेतलं. त्या रडत नव्हत्या, चिडल्याही नव्हत्या. घड्याळाकडे बघत होत्या.

"मुलींना खोलीत घेऊन काय करता?"

"हातात काहीतरी देते. काजं, बटणं. हात चालू असले की तोंड उघडतं. मग ऐकते."

"काय ऐकता?"

"ते तुम्हाला नाही सांगणार."

"आज कोण वाट बघत होती? नाव?"

"शब्द दिलाय तिला."

मी कागदावर लिहिलं, 'उडवाउडवीची उत्तरे देते.' एवढ्यात शाळेतून फोन आला. दहावीची एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गात नाही, दप्तर बाकावरच आहे. मी नाव मोठ्याने उच्चारलं आणि बाई उभ्या राहिल्या.

"गाडी काढा," त्या म्हणाल्या. माझ्या ठाण्यात, मला. आणि मी काढली.

जीपमध्ये त्यांनी सांगितलं ते एवढंच. मुलगी पालीकडच्या खेड्यातली. आई वारली, वडील मुंबईत गिरणीत, म्हणून शिकायला इथे काका-काकूंकडे. महिनाभर जेवण नाही, झोप नाही, बोलणं नाही. बाईंनी तिला सरळ विचारलं होतं, "जीव नकोसा झालाय का गो?" तिने मान हलवली. तेव्हापासून करार होता. रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायचं. नाही आलीस तर मी शोधायला येईन. रविवारी बाई तिच्या घरी जात.

"जायची जागाही तिने सांगून ठेवलीय," बाई म्हणाल्या. "डावीकडे घ्या."

मिरजोळ्याच्या बाजूला कातळावर चिऱ्यांची एक जुनी खाण होती, पाण्याने भरलेली. काठावर निळा स्कर्ट दिसला. मी जीपमधून उडी मारायच्या बेतात होतो.

"तुम्ही इथेच थांबा. हे बूट बघितले तर ती घाबरेल."

मी बूट काढले. का, ते अजून कळलेलं नाही. तापलेल्या कातळावर अनवाणी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच मला कोणीतरी ताटकळत ठेवलं.

बाई हळूहळू गेल्या, तिच्यापासून दोन हातांवर बसल्या. म्हणाल्या, "उशीर झाला गो मला. माझंच चुकलं."

माझं नाव घेतलं नाही.

मुलीचा आवाज आला. "तुम्ही म्हणालेलात, शोधायला येईन."

"मग? आले ना?"

बाईंनी पिशवीतून एक कापड काढून तिच्या हातात दिलं. तासाभराने दोघी हात धरून जीपकडे आल्या. ठाण्यात अंमलदार हळूच म्हणाला, "साहेब, आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम लावायचं?" त्या काळी पोरीच्या दुःखाला आमच्याकडे तेवढंच नाव होतं. डायरीत मी लिहिलं, 'मुलगी वाट चुकली, शिक्षिकेने आणली.'

काका न्यायला आला. 'मुलगी सुखरूप ताब्यात मिळाली' असं त्याच्याकडून लिहून घेतलं, आणि तो कागद निनावी अर्जाशेजारी ठेवला. अक्षर एकच. तपास म्हणतात तो एवढाच. तोही आपणहून चालत आला.

"काय करू साहेब?" काका रडायला लागला. "बाई घरी येऊन म्हणाल्या, हिला डॉक्टरला दाखवा. तो डॉक्टर कुठल्या इस्पितळात बसतो, ठावं हाय ना? आमची पोर काय येडी हाय? उद्या हिला करील कोण?" मनाचं सरकारी इस्पितळ गावातच, पण त्या फाटकातून जाताना कोणी बघू नये म्हणून माणसं मुलीचा जीव पणाला लावायची.

वडील मुंबईहून आले. बाईंनीच त्यांना सोबत घेऊन मुलीला त्या डॉक्टरकडे नेलं. पोरगी सावरली, पुढच्या वर्षी दहावी झाली.

बाई मात्र सावरल्या नाहीत. मी अर्जावर 'तथ्य आढळले नाही' असा ठळक शेरा मारला. पण शेरा राहिला फायलीत आणि तांबडे बूट राहिले साऱ्या शाळेच्या डोळ्यांत. पोलिसात नेलेली बाई! पालक कुजबुजले, शाळेच्या कमिटीने मधल्या सुट्टीत खोलीला कुलूप लावायला सांगितलं. वर्ष संपताना बाईंनी राजीनामा दिला. आता शाळांतून या कामाला वेगळी माणसं नेमतात, दारावर पाटी असते, असं ऐकतो. आमच्या गावात ती पाटी नसलेली एक खोली होती. ती मी बंद केली.

राजीनाम्याची बातमी आली त्या दिवशी जेवताना मी बायकोला म्हटलं, "मी तर शेरा चांगलाच दिला होता. आणखी काय करायला हवं होतं?"

तिने भात वाढला. मुलगी आत गेलीय याची खात्री केली. मग म्हणाली, "गेल्या साली आपली पोर गणितात नापास झाली, तेव्हा पंधरा दिवस त्याच खोलीत बसत होती. मला सांगितलंन. तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही जबाब घेतला असतात."