चिखलदऱ्यातली थंडीची परीक्षा

डिसेंबरातला शेवटचा शनिवार, अमरावती. हजर: मी, अकोल्याहून आलेली ताई, तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, आणि त्यांची मुलगी प्रज्ञा. गैरहजर: एकही धड स्वेटर. आमच्याकडे माळ्यावर जागा असते ती कूलरसाठी, लोकरीसाठी नव्हे.

प्रवासाचं कारण असं. प्रज्ञाने अकोल्यात शेतीचं शिक्षण घेतलं, कापसावर. नोकरी मात्र मिळाली हिमाचलात, सफरचंदांवर. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि भाऊजी अडून बसले होते.

"पोरीनं जन्मात हिव (थंडी) पाह्यलं नाही. बर्फात काय करीन ते?"

तोड मी काढली. आपल्या जिल्ह्यातलं थंड गाव चिखलदरा. पहाटे दरीच्या काठावर प्रज्ञाने सूर्य वर येईपर्यंत उभं राहायचं. टिकली तर होकार, माघारी फिरली तर नकार.

"मंजूर," भाऊजी म्हणाले. "मी बी उभा राह्यतो संग. बिनशालीचा."

परतवाड्याला चहा आणि आलुबोंडे झाले. ज्याने त्याने आपापली आजवरची सगळ्यात मोठी थंडी सांगायची, असं ठरलं. भाऊजींची थंडी रेल्वेच्या एसी डब्यातली निघाली. "दिल्लीपावतर गेलतो. कांबळ न घेता."

"खोटं नोका बोलू," ताई म्हणाली. "माहं कांबळ बी तुमीच पांघरलं होतं."

माझी थंडी ऑपरेशन थिएटरमधली, अपेंडिक्सच्या वेळची. भाऊजींचा बोंडा संपला नव्हता म्हणून मी ती सांगितली नाही.

पुढे घाट लागला. सागाची झाडं मागे पडू लागली तशा गाडीच्या काचा एकेक करून वर गेल्या. भाऊजींची सर्वांत शेवटी. गावात पोचलो तेव्हा ऊन होतं, तरी सावलीत पाय ठेवला की पुन्हा उन्हात यावंसं वाटत होतं. संध्याकाळी गरम खिचडी-कढी खाल्ली आणि लवकर झोपलो.

रात्रीचा वृत्तांत ताईने सकाळी दिला. भाऊजींनी खोलीत शिरल्याबरोबर पंखा पूर्ण वेगात सोडला होता. अकोल्याच्या माणसाला बाराही महिने पंख्याच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. ताईने दोनदा उठून तो बंद केला आणि दोन्ही वेळा अंधारातून आवाज आला, "पंखा काहून बंद केला?"

थोडक्यात, परीक्षेआधीच हा परीक्षार्थी गारठलेला होता.

झुंझुरक्याला (अगदी पहाटे) आम्ही काठावर पोचलो. दरीत धुकं, समोर काळा डोंगर. प्रज्ञा शाल गुंडाळून उभी राहिली. नाक लाल, दात घट्ट, पण पाय जागेवर. शेजारी शर्टातले भाऊजी, हात छातीशी बांधलेले. चहाच्या गाडीवरच्या बाईंना राहवलं नाही.

"काकाजी, हिव वाजून राह्यलं का?"

भाऊजींनी नकारार्थी मान हलवली. पण बाकीचं अंगही हलत असल्यामुळे बाईंना उत्तर कळेना.

"हो म्हंता का नाही म्हंता?"

डोंगरामागे नुसती लाली आली होती. सूर्याचा पत्ता नव्हता. भाऊजींनी दरीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि शेवटी मुलीकडे वळले. "बाई, तुही शाल दे जराशी."

प्रज्ञाने शाल काढली, पण हातातच धरून ठेवली. "देतो बाबा. मंग सोमवारी हो कळवू ना?"

"कळव. पयले शाल दे."

सूर्य वर आला तेव्हा प्रज्ञा काठावर एकटीच उभी होती, बिनशालीची. भाऊजी चहाच्या शेगडीला चिकटले होते. मला हळूच म्हणाले, "शोभा, हिव हे तं बहाना होतं. तिच्याबिगर घर खायाले उठते." मी त्यांच्या हातात दुसरा कप दिला. तिसरा त्यांनी स्वतः मागितला.

सोमवारी होकार गेला. प्रज्ञासाठी मी वलगावच्या गादीवाल्याकडे नव्या कापसाची रजई भरायला टाकली. दोन दिवसांनी भाऊजींचा फोन आला. "एक नाही, दोन भरजो. मले बी जा लागन ना तिले भेटाले."

गादीवाला दुसऱ्या रजईचं माप विचारतो आहे. तिथल्या थंडीत डोक्यापासून पायापर्यंत झाकायचं, म्हणजे उंची अचूक हवी. भाऊजी फोनवर सांगतात ती उंची ताईला मान्य नाही. तेव्हा टेप घेऊन अकोल्याला जायचं अजून राहिलं आहे.