उजवी प्रदक्षिणा

कॅप्टन कुठेही गेला की आधी दार शोधायचा. लग्नाच्या हॉलमध्ये दाराजवळचीच खुर्ची, आणि भाईंदर पूर्वेच्या बाजारात शिरण्याआधी मान उंच करून पलीकडची गल्ली मोकळी आहे का ते बघणं. "बाहेर पडायची वाट आधी बघायची, मग आत घुसायचं," असं तो मला, त्याच्या धाकट्या भावाला, स्कूटर शिकवतानाही सांगायचा. आई वैतागून म्हणायची, "जेवायला आलायस की पळून जायला?"

तो छोटी विमानं उडवायला शिकवत असे, म्हणून आमच्या जेसल पार्कात सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. मीसुद्धा दादा सोडून तेच म्हणायला लागलो. वॉचमननं सॅल्यूट ठोकला की हा लाजायचा. "भैया, मैं भी ड्यूटीवाला ही हूँ." विमानात मात्र भलता कडक. विद्यार्थी डोंगराकडे तोंड करून खालून जायला लागला की सरळ कंट्रोल काढून घ्यायचा. जेवताना ताट तिरपं धरून मला समजावायचा, की जमीन चढत जाते, विमान तेवढं चढत नाही, आणि हे कळेपर्यंत वळायला जागा उरत नाही. आमटी सांडली की आईची बोलणी खायचा.

एवढ्या शहाण्या माणसाला गाववाल्यांना नाही म्हणता येत नसे. आमचं गाव रायगडात, एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला डोंगर. गावच्या मंडळाचे अध्यक्ष अण्णा इथे आमच्याच मागच्या बिल्डिंगमध्ये राहतात. शिमग्याला कॅप्टननं विमानातून देवाच्या पालखीला प्रदक्षिणा घालावी, ही टूम त्यांचीच. त्यानं घातली, चांगल्या उंचीवरून आणि डावीकडे वळत. तो डावीकडच्या सीटवर बसायचा, त्या बाजूनं त्याला खालचं सगळं दिसायचं. शिवाय तसं वळलं की डोंगराकडून नदीवर उतरत बाहेर पडता यायचं.

मंडळाच्या मीटिंगमध्ये चहा येण्याआधीच अण्णांनी त्याची हजेरी घेतली. "देवाभोवती उलटं फिरतात का रे? देव उजव्या हाताला पाहिजे. आणि एवढ्या वरून कशाला? पालखीला कळलं तरी का?" बाकीचे फिदीफिदी हसले.

"अण्णा, उजवीकडून यायचं तर डोंगर समोर येतो," कॅप्टन म्हणाला.

"डोंगर काय काल आलाय? देव बसलाय ना बघायला."

घरी येताना मी तावातावानं बोलत होतो. कॅप्टन म्हणाला, "जाऊ दे रे, म्हातारी माणसं आहेत. एक फेरी तर आहे." त्याच्या या मऊपणाचा मला आजही संताप येतो.

पुढच्या शिमग्याला तो नदीकडून आला, खूप खालून, आणि उजवीकडे वळला. गुलालात माखलेली माणसं मोबाइल वर धरून ओरडत होती, "अजून खाली." मी आईशेजारी उभा होतो. विमान पालखीवरून डोंगराकडे गेलं. नाक वर केलेलं, आवाज जड झालेला, आणि पुढचा चढ त्याच्याहून उंच. बाहेर पडायची वाट मागे, नदीकडे राहिली होती. विमान झाडांत शिरलं. फार मोठा आवाजही झाला नाही. आईनं माझा हात धरला आणि विचारलं, "उतरला का तो?"

संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ फिरत होता, मागे भजन लावलेला. "देवाच्या सेवेत गेला, भाग्यवान," असं अण्णांनी लिहिलं आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ज्यांनी ओरडून त्याला खाली बोलावलं, त्यांचेच हात. मला शिसारी आली, आणि ती गेलेली नाही. अण्णा गेटवर भेटले की अजून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

भाईंदरच्या स्मशानात पाण्याचं मडकं माझ्या खांद्यावर दिलं. मी देवळात फिरतो तसा सवयीनं निघालो, तर अण्णांनी पुढे होऊन माझं कोपर धरलं. आवाज अगदी मायेचा.

"तिकडून नाही बाळा. मयताला उलटं फिरतात, डावीकडून."

मी त्यांचा हात झटकला, पण फिरलो डावीकडूनच. कॅप्टन माझ्या डाव्या हाताला होता. त्याला याच बाजूनं दिसायचं.